वैरी बावट्यांचं घराणं

डॉक्टरांनी फुजैल सोलकरसमोर एक पुस्तक उघडलं. पानावर रंगीत ठिपक्यांचं मोठं वर्तुळ होतं.

"यात कोणता आकडा दिसतो?"

"एकवीस," फुजैल म्हणाला.

पानावर चौऱ्याहत्तर होते. डॉक्टरांनी आणखी चार पानं उलटली, मग पुस्तक मिटून ते म्हणाले, "तुला लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. जन्मापासूनच असणार. जहाजावर घेता येणार नाही."

ही ऑगस्ट १९९८ची गोष्ट. फुजैल तेव्हा वीस वर्षांचा होता, रत्नागिरीच्या राजिवड्यातला. त्याचे वडील नासिर सोलकर व्यापारी जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. आजोबा जहाजावर, पणजोबा गलबतावर. समुद्रात समोरून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा कुठला आणि हिरवा कुठला हे ज्याला कळत नाही, तो डेकवर उभा राहू शकत नाही. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

घरात कोणाला हे आधी कळलं कसं नाही, असं मी पुढे त्याच्या आईला, बिल्किसभाभींना, विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "कळणार कसं? पिका आंबा तो वास घेऊन काढायचा. मला वाटायचं, किती हुशार पोरगं!"

नासिरभाईंनी मोहल्ल्यात सांगितलं की यंदा कंपनीची भरती बंद आहे. फुजैलने मान खाली घालून तेच सांगितलं. पुढची तीन वर्षं बापलेक दोघंही तेच सांगत राहिले.

मी राजश्री भाटकर. कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्या ऑक्टोबरात मला मशीनवर माणूस हवा होता, तेव्हा फुजैल आला. कामाला चोख, बोलायला कमी. आठवड्याभराने मी त्याला म्हटलं, "अरे, त्या लाल फायलीतला कागद दे." तो दोन फायलींपुढे उभा राहिला आणि हलेचना. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, वरची की खालची, ते सांगाल?"

त्या दिवशी त्याने मला सगळं सांगितलं. घराबाहेर ते माहीत असलेली मी पहिलीच.

१९९९च्या मार्चमध्ये नासिरभाई रजेवर आले. त्यांच्या जहाजावरच्या एका फिलिपिनो ऑइलरने, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणाऱ्याने, नोकरी सोडताना त्यांना पत्त्यांचा एक खोका दिला होता. नासिरभाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. चित्रं छान होती म्हणून ठेवला. घरी आल्यावर त्यांनी तो फुजैलपुढे ठेवला आणि ते अंगणात गेले. भरतीचं फिसकटल्यापासून बापलेकांत जेवढ्यास तेवढंच बोलणं होतं.

बिल्किसभाभी मात्र तडकल्या. "पत्ते? या घरात?"

"जुगार नाही, अम्मी. लढाईचा खेळ आहे," फुजैल म्हणाला.

"मग दुकानात ने. तुझ्या ताईला काही म्हणायचं नसेल तर."

ताईला काही म्हणायचं नव्हतं. दुपारी दोन ते चार कोर्टाचं काम संथ असे, दुकान रिकामं. पत्त्यांवरची इंग्रजी मी वाचून सांगायचे, तो लक्षात ठेवायचा. दोन आठवड्यांत आम्हाला खेळ कळला.

दोघांचे दोन किल्ले. प्रत्येकाच्या किल्ल्याला वीस दगड. समोरच्याचे दगड पाडायचे. ज्याचे आधी संपले तो हरला. लढायला स्वार होते, झाडं होती, मंत्र होते. आणि प्रत्येक पत्ता पाच बावट्यांपैकी एकाचा होता. बावटा कुठला, हे पत्त्याच्या कडेच्या रंगावरूनच कळायचं. दुसरी खूण नाही.

मला त्यात गंमत वाटली ती या बावट्यांची. रंग नुसते ओळखायला नव्हते, प्रत्येकाचं जगाबद्दल काही म्हणणं होतं. पिवळा म्हणायचा, नियम सगळ्यांना सारखा, मगच सगळे सुखात. निळा म्हणायचा, आधी नीट जाणून घ्या, मग हात घाला. जांभळा म्हणायचा, माझं मी बघणार, मला कोण देणार आहे? लाल म्हणायचा, मनात आलंय ना, मग आत्ताच कर. हिरवा म्हणायचा, थांब, वाढू दे, वेळ आली की सगळं होतं. पुस्तिकेत हे पाच जण वर्तुळात काढलेले होते: लाल, जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, आणि पुन्हा लाल. शेजारी बसलेले मित्र, समोरासमोर बसलेले वैरी. दोन बावटे एकत्र करून आपलं घराणं बनवायचं, आणि पुस्तिकेचा सल्ला स्पष्ट होता: नवख्याने मित्र बावटेच घ्यावेत.

पहिल्याच आठवड्यात फुजैलने मला हरवलं. त्याचे पत्ते बघून मी हसायला लागले.

"अरे, तू लाल आणि हिरवा एकत्र केलेस! ते तर समोरासमोरचे वैरी!"

त्याचा चेहरा पडला. "मला ते एकाच रंगाचे दिसले."

मी जीभ चावली. पण तो पत्ते पुन्हा पसरून बघू लागला. मग म्हणाला, "ताई, पण वाचताना पण ते मला एकाच घरचे वाटले."

"कसे काय? एक म्हणतो आत्ता, दुसरा म्हणतो थांब."

"हो. पण लाल मनाचं ऐकतो आणि हिरवा वेळेचं ऐकतो. पुस्तकात लिहिलंय म्हणून किंवा कोणीतरी ठरवलंय म्हणून, असं दोघंही करत नाहीत. भांडतील ते. पण भांडणारे सगळे वैरी असतात का?"

डोळ्यांना फरक दिसत नव्हता, त्यामुळे तो प्रत्येक पत्ता शब्दाशब्दाने समजून घ्यायचा. मी रंग बघून पत्ता बाजूला टाकायचे. त्याला ती सोय नव्हती.

तरी तो पहिला विजय नशिबाचाच निघाला. पुढचं वर्षभर लाल-हिरव्याचं घराणं घेऊन फुजैल हरत राहिला. लालमध्ये 'वणवा' नावाचा जबर पत्ता होता. तो टाकला की पटावरचं लहानसहान सगळं जळायचं, समोरच्याचं आणि आपलंही. मग त्याचेच हिरवे कोंब त्याच्याच आगीत मरायचे. मी म्हणायचे, "सोड आता. लालबरोबर दुसरं काहीतरी घे." तो ऐकायचा नाही.

तोवर दुकानात दुपारचे चार-पाच जण जमू लागले होते. त्यात केरू ठरलेला. केरू एका वकिलांचा कारकून, आणि शिमगा-गणपतीत गावाकडे जाखडीत नाचणारा. झेरॉक्सच्या जाड कागदावर पत्ते उतरवून, कडा रंगवून आम्ही आणखी दोन संच केले होते. केरूला खेळण्यापेक्षा वाद घालण्यात रस.

"वैरी रंग एकत्र येत नाहीत म्हणता?" तो एकदा म्हणाला. "पिवळा आणि जांभळा घ्या. नियम सगळ्यांचा, फायदा आपला. ते घराणं समोरच्या इमारतीत रोज काळा कोट घालून येतं."

"तुझ्या साहेबांना सांगू का हे?" मी म्हटलं.

"सांगा. ते हो म्हणतील."

"आणि निळा-लाल?" फुजैलने विचारलं. "एक विचार करून करतो, दुसरा विचारच करत नाही."

केरूने मांडीवर थाप मारली. "जाखडीचा शाहीर! शास्त्र सगळं पाठ पाहिजे. पण समोरच्या पार्टीनं सवाल टाकला की जवाब तिथल्या तिथं, ताडकन. पुस्तक उघडायला गेला की संपला."

फुजैलने ते वहीत लिहून घेतलं. तो सगळंच लिहून घ्यायचा.

२०००च्या एप्रिलमध्ये मी चार दिवस माहेरी गेले. माझं गाव राजापूर तालुक्यात. फुजैलने शेती कधी जवळून पाहिली नव्हती, म्हणून त्यालाही चल म्हटलं. आम्ही एसटीने पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी माझे वडील, हरिश्चंद्र, भाजावळीला निघाले होते. भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा पावसाआधी भाजून घेतात. शेण, त्यावर वाळलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, आणि गवत, वरून बारीक माती, असे थर घालून पेटवायचं.

फुजैलने हात लावून सगळं पसरायला मदत केली. पेटवताना वडील वाऱ्याच्या उलट बाजूला गेले.

"तिकडनं का, काका? इकडनं लवकर पेटेल."

"लवकर कुणाला हवंय? भडकून वरच्यावर गेली तर काय उपयोग? सावकाश जळत खाली उतरायला हवी."

"पण जमीन जळते ना?"

"जमीन नाही रे जळत. तणाचं बी जळतं. राख राहते, ती रोपाला मिळते. न भाजता पेरून बघ तू. तणच वर येईल, भात शोधत बसशील."

फुजैल उभा राहून धूर बघत होता. मग त्याने विचारलं, "काका, आधी भाजायचं आणि मग पेरायचं. उलटं केलं तर?"

वडील त्याच्याकडे बघतच राहिले. "उलटं केलंस तर काय, रोप जळेल!"

फुजैल मोठ्याने हसला. त्याला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, मी वर्षभर उलटं करत होतो."

ओसरीवर बसून त्याने पत्ते काढले आणि मला दाखवलं. हिरव्यात 'जुनं खोड' नावाचा एक पत्ता होता. आम्ही त्याला कधी किंमत दिली नव्हती. मेलेल्या पत्त्यांच्या ढिगात आपले जितके हिरवे पत्ते, तितकी त्या खोडाची ताकद. फुजैल आतापर्यंत कोंब वाढवायचा आणि मग नाइलाजाने वणवा टाकायचा. आता त्याने क्रम फिरवला. सुरुवातीला स्वस्तातले कोंब मुद्दाम पसरायचे, समोरच्याला त्यांच्यावर येऊ द्यायचं, मग वणवा. दोघांचं सगळं साफ. समोरच्याकडे काहीच उरत नाही, आपल्याकडे राख उरते. आणि त्या राखेवर खोड.

"लाल आता हिरव्याचं ऐकतो," तो म्हणाला. "सावकाश जळतो. आणि हिरवा लालकडून शिकला की आपलंच जपून ठेवलं तर आपणच खुंटतो. दोघं थोडे थोडे बदलले, ताई. न बदलता नाही जमायचं."

त्या घराण्याचं नाव आम्ही भाजावळ ठेवलं. त्या पावसाळ्यात दुकानात त्याला एकदाही कोणी हरवू शकलं नाही. केरू तर सलग एकोणीस डाव हरला.

पुढच्या वर्षी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मला कळलं की मुंबईत या खेळाची भारतातली पहिली स्पर्धा भरणार आहे. डिसेंबर २००१, दादरचा एक हॉल, चौसष्ट खेळाडू. मी फुजैलला न विचारता नाव पाठवलं.

"नको, ताई," तो म्हणाला. "इथे तुम्ही सगळे पत्ता टाकताना रंग बोलता. तिथे कोण बोलणार?"

हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुकानात आम्हाला सवयच झाली होती, 'लाल, वणवा', 'निळा, टेहळणी', असं म्हणत पत्ता टाकायची. कोणी का ते विचारलं नव्हतं.

"विचारायचं त्यांना."

"का विचारतो म्हणतील."

"मग सांगायचं."

नासिरभाई तेव्हा रजेवर होते. ते दुकानात फुजैलचा डबा घेऊन आले होते आणि दारात उभे राहून सगळं ऐकत होते. डबा टेबलावर ठेवत ते एवढंच म्हणाले, "मी येतो बरोबर."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या गाडीने निघालो. बापलेक समोरासमोर बसले होते. चिपळूण गेल्यावर नासिरभाईंनी विचारलं, "हे खोड कसं चालतं, सांग बघू." पनवेलपर्यंत फुजैल सांगत होता.

हॉलमध्ये बहुतेक सगळे मुंबई-पुण्याचे. इंजिनियरिंगचे विद्यार्थी, नव्या कंपन्यांतले नोकरदार. आमचे काही पत्ते झेरॉक्सचे म्हणून पंच बाईंनी ते बाजूला काढले आणि त्या जागी खरे पत्ते उसने दिले. फुजैलचं घराणं पाहून मागचा एक जण म्हणाला, "रेड-ग्रीन? याला रूल्स माहितीयत का?"

पहिल्या फेरीत तीन डाव होते. पहिला डाव फुजैल हरला, आणि हरला तो समोरच्याचा लाल पत्ता हिरवा समजून. मी लांबून बघत होते. त्याने पत्ता उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला आणि चुकीची चाल केली. पुढचे दोन डाव त्याने कसेबसे ओढून आणले.

दुसऱ्या फेरीत तो विचारू लागला. "हा कोणता रंग?" दोन चाली झाल्या की पुन्हा, "आणि हा?" समोरचा तरुण आधी हसला, मग चिडला. पाचव्या वेळी त्याने हात वर करून पंच बाईंना बोलावलं.

"हा मुद्दाम वेळ काढतोय. समोर रंग दिसतोय आणि मला विचारत बसतो. माझं लक्ष उडवायचा डाव आहे."

पंच बाईंनी फुजैलला विचारलं, "का विचारताय तुम्ही?"

आजूबाजूची टेबलं थांबली. फुजैलने पत्ते पालथे ठेवले. मग तो उभा राहिला.

"मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जांभळा आणि निळा पण एकच दिसतो. जन्मापासून. तीन वर्षांपूर्वी मी जहाजाच्या तपासणीत त्यामुळेच नापास झालो. भरती बंद होती असं मी सगळ्यांना सांगतो. ती बंद नव्हती."

कोणीतरी म्हणालं, "कलरब्लाइंड आणि हा गेम?" एक-दोघं हसले.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नासिरभाई उठून मधल्या वाटेने पुढे आले. तीस वर्षं वाऱ्यात ओरडून हुकूम देणारा माणूस. त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

"मी याचा बाप. तो म्हणतो ते खरं आहे. भरती बंद म्हणून सांगायला मीच सुरुवात केली. मला लाज वाटत होती. त्याच्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, हे मला आज इथं बसल्यावर कळलं." मग ते पंच बाईंकडे वळले. "आमच्याकडे जहाजावर हुकूम ऐकला की तो मोठ्यानं परत बोलायची रीत आहे, म्हणजे चूक होत नाही. तुमच्या मुलांनी पत्ता टाकताना रंग बोलला तर काय बिघडेल?"

पंच बाईंनी माइक घेतला. "आत्तापासून प्रत्येक टेबलावर प्रत्येक खेळाडूनं पत्ता टाकताना रंग बोलायचा. सगळ्यांनी."

आणि त्या हॉलमध्ये बत्तीस तोंडांतून एकदम लाल, पिवळा, निळा, हिरवा सुरू झालं. मंडईच वाटावी. तक्रार करणारा तरुण ओशाळला होता. पुढचा पत्ता टाकताना त्याने रंग जरा जास्तच मोठ्याने सांगितला. तो हरला, उठला आणि फुजैलशी हात मिळवून म्हणाला, "सॉरी. मला कल्पना नव्हती." मग तो गेलाच नाही, पुढच्या सगळ्या फेऱ्यांत आमच्याच बाजूला उभा राहून बघत होता.

फुजैल आता मोकळा झाला होता. तिसरी फेरी, चौथी, पाचवी. प्रत्येकाला वाटायचं की समोरचा वेडा आहे, स्वतःचंच जाळतोय. कळेपर्यंत खोड उभं राहिलेलं असायचं.

अंतिम सामना संध्याकाळी पाचला. समोर पुण्याचा एक इंजिनियर, निळ्या-जांभळ्याचं घराणं घेऊन. ते दोन मित्र बावटे. निळा समोरच्याच्या हातातले पत्ते उघडून बघतो, जांभळा त्यातले हवे ते फेकायला लावतो. म्हणजे सगळं जाणायचं, आणि ते फक्त आपल्यासाठी वापरायचं. दोघांनी एक-एक डाव जिंकला. तिसऱ्यावर सगळं.

"निळा, टेहळणी," इंजिनियर म्हणाला. फुजैलने पत्ते उघडे केले. दोन कोंब, एक वेल, एक वणवा, एक खोड.

"जांभळा, लूट. खोड टाका."

गेलं खोड. मी डोळे मिटून घेतले. पुढच्या चालीत त्याने कोंब फेकायला लावले, त्याच्या पुढच्या चालीत वेल. फुजैल पत्ते ढिगावर ठेवत होता. त्याच्या किल्ल्याचे दगड वीसवरून अकरा, अकरावरून सहा झाले. समोर चार स्वार उभे, त्याच्या बाजूला सुरुवातीपासून पसरलेल्यांतले उरलेसुरले कोंब.

"लाल, वणवा," फुजैल म्हणाला.

पट साफ झाला. इंजिनियरने खांदे उडवले. त्याच्या हातात अजून पत्ते होते, फुजैलचा हात रिकामा. त्याने नवे दोन स्वार मांडले. फुजैलचे दगड सहावरून दोन झाले.

फुजैलने गड्डीवरचा पत्ता उचलला आणि वाचला. रंग त्याला दिसत नव्हता, शब्द दिसत होते.

"हिरवा. जुनं खोड."

"ताकद किती?" इंजिनियरने विचारलं.

"ढीग मोजा."

पंच बाईंनी मोजला. कोंब, वेल, पहिलं खोड, वणव्यात जळालेलं सगळं. त्यातले निम्मे पत्ते इंजिनियरने स्वतःच फेकायला लावले किंवा मारले होते. एकूण सतरा हिरवे. खोडावर दोन स्वारांचं काही चाललं नाही. दोनच चालींत इंजिनियरचे एकोणीस दगड खाली.

तो ढिगाकडे बघून हसला आणि म्हणाला, "मी तुझे सगळे पत्ते बघितले, आणि मीच तुला जिंकवलं."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मी रडत होते, ते मला नंतर कोणीतरी रुमाल दिल्यावर कळलं. नासिरभाईंनी मुलाला मिठी मारली ती सोडेचनात. करंडक पंच बाईंच्या हातात तसाच राहिला.

रत्नागिरीला उतरलो तर स्टेशनवर केरू हार घेऊन उभा, बरोबर दुकानातली सगळी मंडळी आणि राजिवड्यातली पंधरा-वीस माणसं. नासिरभाईंनी तिथेच, रिक्षा स्टँडवर, सगळ्यांना भरतीची खरी हकिगत सांगितली. एक म्हातारे खलाशी म्हणाले, "माझ्या धाकट्यालाही तसंच असेल काय रे? तो पण मिरच्या वेगळ्या काढू शकत नाही."

ती गोष्ट फुजैलने मनावर घेतली. नेत्रतज्ज्ञांना गाठून त्याने मोहल्ल्यातल्या आठवी-नववीतल्या मुलांची रंगतपासणी सुरू केली, म्हणजे वीस वर्षांचं होईपर्यंत कोणी एकाच स्वप्नावर बसून राहू नये. पहिल्या वर्षी तिघं सापडले. तिघांशी तो स्वतः बोलला.

पत्त्यांच्या कंपनीने त्यांच्या मासिकासाठी त्याच्याकडे लेख मागितला: वैरी बावटे एकत्र कसे आणावेत? त्याने मराठीत लिहिलं, मी इंग्रजी केलं. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'दोघं कशावरून भांडतात हे सगळे बघतात. दोघांनाही काय खपत नाही ते बघा, घराणं तिथे सापडतं.' लेखाच्या शेवटी त्याने रंगाबरोबर खूणही छापण्याची विनंती केली होती. २००३च्या नव्या पत्त्यांवर कोपऱ्यात पाच खुणा आल्या: तराजू, डोळा, मुकुट, ज्वाळा आणि पान.

त्याच वर्षी मी दुकानाच्या वरची खोली त्याला खेळासाठी दिली. तिथे तो शिकवतो, आणि दर जानेवारीत रत्नागिरीची स्पर्धा भरवतो. राजापूरहून येतात, हर्णेहून येतात. कॉलेजची मुलं, निवृत्त तलाठी, मासळीचा लिलाव उरकून आलेल्या दोघी जावा.

२००७च्या स्पर्धेत बिल्किसभाभींनी नाव दिलं. घरात पत्ते नकोत म्हणणाऱ्या भाभी! नासिरभाई निवृत्त झाल्यापासून, गेली दोन वर्षं, त्या दुपारी फुजैलची बायको झोपली की त्यांच्याशी खेळत होत्या, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्यांचं घराणं हिरवा आणि जांभळा, समोरासमोरचे वैरी. एक थांबणारा, दुसरा स्वार्थी.

"हे कसं जमवलंत, भाभी?" मी विचारलं.

"त्यात जमवायचं काय? तीस वर्षं नवरा जहाजावर. वाट बघायची, आणि आपलं काही सोडायचं नाही. हेच तर केलं मी."

अंतिम सामना भाभी आणि केरूचा. फुजैल पंच होता, त्यामुळे त्याला तोंड गंभीर ठेवावं लागत होतं. केरूने निळ्या-लालचे सवाल-जवाब सगळे करून पाहिले. भाभी पदर सावरत एकेक पत्ता टाकत होत्या, रंग स्पष्ट बोलत होत्या, आणि घेतलेलं काही परत देत नव्हत्या. पाऊण तासाने केरूने हात जोडले.

फुजैलने माइक घेतला, घसा साफ केला आणि म्हणाला, "विजेत्या, बिल्किस नासिर सोलकर."

भाभींनी करंडक दोन्ही हातांनी घेतला आणि पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्या नवऱ्याला म्हणाल्या, "उठा आता. फोटो काढायचाय, आणि मी मधे उभी राहणार."